प्रकाशाच्या अपवर्तनाच्या प्रयोगवर्गासाठी साहित्य व वेळ देण्याचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आमच्या विज्ञान मंडळातर्फे दहा ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी प्रकाशाच्या अपवर्तनावर (एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना प्रकाशाच्या वळण्यावर) प्रयोगवर्ग सुरू करण्यात येत असून, त्यासाठी साहित्य, निधी आणि जाणकारांचा थोडा वेळ मिळावा, ही नम्र विनंती. पुस्तकातील आकृती मुले सुबक काढतात आणि व्याख्याही त्यांना पाठ असते. परंतु काचेच्या एका चिपेभोवती, म्हणजे जाड सपाट ठोकळ्याभोवती, अख्खा वर्ग उभा राहत असल्याने प्रयोग करतात पुढचे दोघेतिघे, आणि बाकीचे फक्त निरीक्षणे उतरवून घेतात.

आमच्या वर्गात एका चिपेमागे दोनच मुले असतील. कागदावर काचेची चीप ठेवून तिच्या कडा पेन्सिलने आखायच्या, एका बाजूला दोन टाचण्या उभ्या करायच्या आणि दुसऱ्या बाजूने एक डोळा मिटून, त्यांच्या प्रतिमांच्या सरळ रेषेत आणखी दोन टाचण्या रोवायच्या. चीप उचलून टाचण्यांच्या खुणा जोडल्या की किरणाची वाट कागदावर उमटते. स्तंभिकेशी (काचेच्या पृष्ठभागाला काटकोनात काढलेल्या रेषेशी) ४५ अंशांचा कोन करून आलेला किरण काचेत सुमारे २८ अंशांवर येतो, तर ६० अंशांनी आलेला सुमारे ३५ अंशांवर. कोन वेगवेगळे असूनही त्यांच्या साइनचे गुणोत्तर दर वेळी १.५च्या आसपासच का येते, हा प्रश्न मुलांकडूनच आला, तर हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावणारा प्रकाश काचेत सुमारे २ लाखांवर येतो, हे सांगण्यात अर्थ आहे. आधी सांगितले तर तो केवळ आणखी एक आकडा ठरतो.

लहान गटासाठी पाण्याचे प्रयोग आहेत. भांड्याच्या काठाआड दडलेले नाणे पाणी ओतताच दिसू लागते, आणि वरून पाहिल्यास तळ खऱ्या खोलीच्या सुमारे तीन चतुर्थांश अंतरावरच असल्यासारखा वाटतो. बोरोसिलिकेट काचेची कांडी ग्लिसरिनमध्ये बुडवली की जवळजवळ दिसेनाशी होते, कारण दोन्हींचा अपवर्तनांक (पदार्थात प्रकाशाचा वेग किती पट कमी होतो, हे सांगणारा आकडा) सुमारे १.४७ असल्याने प्रकाश त्यांच्या सीमेवर फारसा वळतही नाही आणि परावर्तितही होत नाही.

आयताकार चिपा, लोलक, बहिर्गोल भिंगे, चंचुपात्रे, कोनमापक आणि टाचण्या रोवता येतील असे लाकडी फलक यांची आम्हाला गरज आहे. वापरलेले साहित्य चालेल. चिपेचा कोपरा किंचित उडालेला असला तरी हरकत नाही, मात्र समोरासमोरच्या दोन बाजू स्वच्छ असाव्यात आणि कड हाताला लागणारी नसावी. लहानांसाठी अ‍ॅक्रिलिकच्या चिपा अधिक बऱ्या, कारण त्या सहसा फुटत नाहीत. लेसर पॉइंटर मात्र कृपया देऊ नयेत. त्याने किरण उठून दिसतो हे खरे, पण डोळ्यांना होऊ शकणारी इजा पाहता आम्ही टाचण्यांवरच भागवणार आहोत.

निधी केवळ साहित्य खरेदीसाठी वापरला जाईल व प्रत्येक देणगीची पावती दिली जाईल. निवृत्त विज्ञान शिक्षक, चष्मे तयार करणारे कारागीर आणि भौतिकशास्त्राचे विद्यार्थी यांनी आठवड्यातून एक तास दिला, तरी एक गट सांभाळता येईल. इच्छुकांनी आपले नाव आणि सोयीची वेळ मंडळाच्या कार्यालयात नोंदवावी; साहित्यही तेथेच स्वीकारले जाईल.

आपले नम्र,
कार्यकारिणी, विज्ञान मंडळ