चाळीस मिनिटांत संवाद शिकवणाऱ्या खात्यास : मध्य प्रदेशच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मनोरुग्ण वॉर्डांना वेगळ्या प्रशिक्षित परिचारिका मिळतील आणि रुग्णाशी कसं बोलायचं याचं पाच दिवसांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण होईल, असं व्यासपीठावरून जाहीर झालं तेव्हा आम्हीही टाळ्या वाजवल्या होत्या. परवा त्या घोषणेची पूर्तता झाली. मोबाइलवर एक लिंक आली. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ, शेवटी दहा प्रश्न, आणि उत्तरं चुकली तरी प्रमाणपत्र. बघायचा ड्यूटीवरच, स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटावर. म्हणजे रुग्णाशी बोलायला शिकण्यासाठी तेवढा वेळ रुग्णाकडे पाठ करून बसायचं. वेगळ्या परिचारिका काही आल्या नाहीत. होत्या त्यातल्याच काही डेंग्यूच्या वॉर्डात पाठवल्या गेल्या.

तो व्हिडिओ मनोविकार वॉर्डात काम केलेल्या कोणी आधी पाहिला असेल असं वाटत नाही. त्यात हसऱ्या चेहऱ्याची एक बाई सांगते, "रुग्णाला म्हणा, काळजी करू नका, सगळं ठीक होईल." नेमकं हेच म्हणायचं नसतं. नैराश्यात बुडालेल्या माणसाला हे ऐकवलं की त्याला एवढंच समजतं, हिला पुढचं ऐकायचं नाही. उशीच्या अभ्र्यात साठवलेल्या गोळ्यांबद्दल तो सांगणार असतो, ते राहून जातं. तिथे सरळ विचारावं लागतं: जीव द्यावासा वाटतो का? कसं, ते ठरवलंय का? त्यासाठी काही जमवून ठेवलंय का? विचारल्यामुळे नसलेला विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. आणि विचारून झालं की गप्प बसायचं. उत्तर यायला अर्धं मिनिट लागतं, कधी दोन मिनिटं, आणि तेवढ्यात औषधांची ट्रॉली आली की ते उत्तर गेलं. "असं का केलंत?" हेही नको, उलटतपासणी वाटते. "त्याच्या आधी काय झालं होतं?" असं विचारलं तर माणूस बोलतो.

अशा रुग्णाचा धोक्याचा काळ बहुतेकांना वाटतो तो नाही. औषध लागू पडायला लागलं की अंगात ताकद आधी येते, निराशा मागाहून ओसरते. वॉर्ड म्हणतो, "आता बरा दिसतोय," आणि लक्ष सैल होतं. म्हणून तेव्हाच फेऱ्या वाढवायच्या, आणि त्याही ठरावीक वेळेला नाहीत. दर पंधरा मिनिटांनी घड्याळ लावून गेलात तर रुग्णाला मधली चौदा मिनिटं पाठ होतात. रात्री अख्ख्या वॉर्डाला एक सिस्टर असेल तर निरीक्षणाचा तक्ता सकाळी सहाला एकाच पेनाने, एका बैठकीत भरला जातो. तपासणीला येणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. शाई बघून कळतं हो.

भास होणाऱ्या रुग्णाबद्दल व्हिडिओ म्हणतो, "असं काही नाही हे त्याला समजावून सांगा." समजावून बघा, महोदय. जेवणात विष कालवतात अशी जिची पक्की खात्री आहे तिच्याशी वाद घातलात, तर विष घालणाऱ्यांच्या यादीत तुमचंही नाव जातं. होकार भरणंही चूक, कारण मग तिच्या भीतीला साक्षीदार मिळतो. आवाज ऐकू येत असतील तर मधली वाट अशी: "मला तो आवाज येत नाही. तुम्हाला येतोय, आणि त्यानं तुम्ही घाबरलात, हे दिसतंय." मग आवाज काय म्हणतो, काही करायला सांगतो का, कोणाला, ते विचारायचं. कोणाला इजा करायचा हुकूम असेल तर सकाळच्या राउंडची वाट न बघता डॉक्टरांना तिथल्या तिथे कळवायचं. संशयी रुग्णासमोर गोळीची स्ट्रिप त्याच्या डोळ्यांदेखत फोडायची, बिस्किटाचा पुडा बंदच द्यायचा, त्याच्या दिशेने बघत कुजबुजायचं नाही, मागून खांद्यावर हात ठेवायचा नाही. यातलं काहीच महागडं नाही. फक्त त्यासाठी माणूस लागतो, आणि त्या माणसाला वेळ लागतो.

रुग्ण बिथरला की काय करायचं, यावर व्हिडिओत एकच चित्र आहे, चार वॉर्डबॉय आणि इंजेक्शन. खरं तर तोवर बरंच हातातून गेलेलं असतं. आवाज चढतो, येरझाऱ्या वाढतात, मुठी आवळल्या जातात. ही पंधरा-वीस मिनिटं आपली असतात. बघ्यांना बाहेर काढायचं. एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी तोंडं बंद ठेवायची. दोन हात अंतर, समोरासमोर न उभं राहता थोडं तिरकं, हात दिसतील असे, दार दोघांनाही मोकळं. छोटी वाक्यं, हळू आवाज, नाव घेऊन आणि "अहो" म्हणून. "शांत व्हा" म्हटल्यानं आजवर कोणी शांत झालेलं नाही. निवड द्यायची: "पाणी आणू, की बाहेर ओट्यावर बसू या?" अरे-तुरे करून हुकूम सोडला की भडका तिथेच उडतो.

धरावं लागलंच तर पालथं पाडायचं नाही, पाठीवर-छातीवर भार टाकायचा नाही, श्वास थांबतो. हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन देऊन झोपवलं की काम संपलं असं समजू नये. दर पंधरा मिनिटांनी श्वास, नाडी, रक्तदाब बघावा लागतो. पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत कधी कधी मान वाकडी होते, डोळे वर चढतात. नातेवाईक म्हणतात अंगात आलं, आणि न शिकलेला कर्मचारी म्हणतो नाटक करतोय. तो हॅलोपेरिडॉलचा परिणाम असतो आणि प्रोमेथाझिनच्या इंजेक्शनने बहुधा लवकर उतरतो. दुसरा परिणाम याहून फसवा. पाय एका जागी ठरत नाहीत, बसला की उठतो, आतून तळमळ. ती बिथरल्याची खूण समजून आणखी हॅलोपेरिडॉल दिलं की तळमळ वाढते, मग आणखी एक डोस. हे चक्र तोडायला पाचशे रुपयांचीही यंत्रणा लागत नाही. "आतून काही तरी होतंय का? पाय थांबवावेसे वाटले तरी थांबत नाहीत का?" एवढं विचारणारी सिस्टर लागते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा आहे, २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ९७ प्रमाणे रुग्णाला एकांतात कोंडायला बंदी आहे. बांधायचं तर तातडीची इजा टाळायचा दुसरा उपाय नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, नोंद करून, आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला (रुग्णाच्या वतीने नेमलेल्या माणसाला) चोवीस तासांत कळवून. कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येत नाही, हे त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय. आता आम्हाला सांगा, पदं भरायची नाहीत, आणि पदं नाहीत म्हणून बांधायचं नाही, तर रात्री दोन वाजता वॉर्डात उभ्या असलेल्या एकटीने नेमकं काय करायचं? तिने मार खायचा. तोच ठरलेला उपाय दिसतो. आणि मार खाल्ल्यावर पहिला प्रश्न येतो, "तुम्ही त्याला काय बोललात?" संवाद शिकवायला पैसे नाहीत, पण संवाद चुकला म्हणून कारणे दाखवा नोटीस काढायला कागद आहे. ओठाला टाके पडलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी त्याच वॉर्डात, त्याच रुग्णासमोर उभं केलं जातं. तिला काय वाटतं, हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही, रुग्णालाही नंतर शांतपणे बसून विचारायला हवं, "तेव्हा काय झालं होतं, पुढच्या वेळी आम्ही काय करू?" दोघंही तसेच राहतात, म्हणून तेच पुन्हा घडतं.

याच कायद्याने मनोविकार परिचारिकेची व्याख्या इतकी सैल केली आहे की साधी जनरल नर्सिंगची पदविका आणि नोंदणी असली तरी चालतं. म्हणजे कागदोपत्री आपल्याकडे तुटवडाच नाही! अमेरिकन परिचारिका हिल्डगार्ड पेपलॉ यांनी १९५२ मध्ये परिचारिका आणि रुग्ण यांच्या नात्यालाच उपचाराचा गाभा मानलं. त्यावर आधारलेलं प्रोसेस रेकॉर्डिंग आजही विद्यार्थिनींकडून लिहून घेतात. रुग्ण काय म्हणाला, मी काय म्हणाले, मला तेव्हा काय वाटलं. वीस मिनिटांच्या बोलण्याची वही भरायला तास जातो. ती वही वाचून "इथे तू विषय का बदललास?" असं विचारणारी अनुभवी बाई मात्र नसते, म्हणून मुली मागच्या बॅचची वही उतरवतात. आणि कॉलेजांबद्दल काय बोलावं? मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांची चौकशी उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे गेली, आणि मे २०२४ मध्ये त्या चौकशीतलेच अधिकारी लाच प्रकरणात पकडले गेले. ज्या कॉलेजांच्या इमारतीच खऱ्या की खोट्या हे शोधायला सीबीआय लागते, तिथल्या मुलीने मौन कसं राखायचं हे शिकून यावं, अशी आपली अपेक्षा आहे. मौन राखायला ती शिकतेच, पण ते वेगळं.

हे आज घडलेलं नाही. ग्वाल्हेर, रांची आणि आग्रा इथल्या मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला सांगितलं होतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपलं राज्य होतं, आणि उपचारच न मिळणाऱ्यांचं प्रमाण त्यात सत्तर ते ब्याण्णव टक्के आलं. त्यावर उत्तर म्हणून २०२२ मध्ये १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा नंबर मिळाला. चांगला आहे, असावा. पण फोन ठेवल्यावर जो माणूस वॉर्डात येतो, त्याच्याशी कोण बोलणार?

जमत नाही म्हणू नका. याच इंदुरात ओला कचरा कुठे, सुका कुठे, हे घराघरांत जाऊन, दारात उभं राहून, चुकलं तर पुन्हा सांगून शिकवलं गेलं. कचऱ्यासाठी कोणी लिंक पाठवली नव्हती. इथल्या राजवाड्यात मंत्रिमंडळाची बैठक भरवता येते, तर मनोरुग्ण वॉर्डाचीही एक फेरी होऊ शकते.

भाषेचंही बघा. वॉर्डात निमाडी, माळवी, भिली बोलणारे येतात. इंदूरच्या रामबागेतली स्मृतिभ्रंशाची आजी हिंदी विसरून लहानपणच्या मराठीवर परतलेली असते, आणि तिला दर फेरीला विचारतात, "माँजी, पहचाना?" तिची परीक्षा कशाला? "आजी, मी तुमची सिस्टर, तुमची वेणी घालायला आले," असं सांगावं. उपचाराची माहिती रुग्णाला कळेल अशा भाषेत देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. घरी सोडताना तर दोन मिनिटंही मिळत नाहीत. मनाचे टोकाचे चढउतार आवरायला लिथियम घेणाऱ्या बाईला कोणी सांगत नाही की हरतालिकेचा निर्जळी उपास नको, अळणी खाणं नको, मे महिन्यात पाणी भरपूर प्या, कारण मीठ-पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जोरात थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, जीभ जड झाली की गोळी थांबवून लगेच यायचं, हेही नाही. ती मग परत येते, बेशुद्ध.

मागण्या जुन्याच आहेत. मनोविकार परिचर्येची एक वर्षाची पदविका केलेल्यांना त्याच वॉर्डात ठेवा, साथ आली की उचलून नेऊ नका. रात्री किमान दोन सिस्टर. पाच दिवसांचं प्रशिक्षण प्रत्यक्ष, ड्यूटीतून मोकळं करून. बांधल्याची नोंद कायद्यातल्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दरमहा जायला हवी, ती खरंच जाते का ते बघा.

आणि वॉर्ड बघायला यायचं मनात आलंच, तर न कळवता रात्री या. फीत कापायची कात्री आमच्याकडे मोजून कुलपात असते, मिळणार नाही. हारही नकोत, त्याचा दोरा आत चालत नाही.

आपल्या,
मनोरुग्ण परिचर्येतल्या काही मराठी परिचारिका, इंदूर