मंत्रीसाहेब, गेमवरच्या बंदीवर सही करण्याआधी तो गेम एकदा खेळून तरी बघा

प्रति,
माननीय माहिती व प्रसारण मंत्री

स.न.वि.वि.

साहेब, आधीच सांगून टाकतो, मी कुठल्याच पक्षाचा नाही. मत देतो, झेंडा धरत नाही. वीसेक वर्षं गेम खेळतोय, नोकरी सांभाळून आणि घरच्यांची बोलणी खाऊन, त्यामुळे कुणी पुढारी "या गेमवर बंदी आणा" म्हणाला की कान टवकारतातच. आणि एवढ्या वर्षांत एक गोष्ट कळलीय, विरोधात असताना ज्यांना अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा पुळका येतो तेच सत्तेत आले की "मुलांवर काय परिणाम होतो" म्हणत समिती नेमतात, आणि हे सगळ्याच रंगांचं आहे.

अमेरिकेचंच घ्या. डिसेंबर १९९३ मध्ये तिथल्या सिनेटमध्ये मॉर्टल कॉम्बॅट आणि नाइट ट्रॅप या दोन गेममधल्या हिंसेवरून सुनावणी झाली, त्यात सगळ्यात पुढे होते डेमोक्रॅट सिनेटर लीबरमन. कंपन्या घाबरल्या आणि १९९४ मध्ये त्यांनी स्वतःच वयानुसार रेटिंग देणारं ईएसआरबी नावाचं मंडळ उभं केलं. ते चांगलंच झालं, माझी तक्रार नाही. पुढे २००५ मध्ये कॅलिफोर्नियात अल्पवयीन मुलांना हिंसक गेम विकायला बंदी घालणारा कायदा आला, मांडणारा डेमोक्रॅट, सही करणारे गव्हर्नर रिपब्लिकन, आणि ते कोण तर श्वार्झनेगर! आयुष्यभर पडद्यावर मशीनगन चालवलेला माणूस. बाकी कशावर एकमत होत नाही, यावर झालं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०११ मध्ये कोर्टाने ७ विरुद्ध २ ने सांगितलं की पुस्तकं, नाटकं, सिनेमे यांना जसं बोलण्याचं संरक्षण आहे तसंच गेमलाही आहे. मुख्य निकाल लिहिला न्यायमूर्ती स्कालियांनी, पक्के उजवे. विरोधात दोघं, एक रिपब्लिकन अध्यक्षाने नेमलेला, एक डेमोक्रॅट अध्यक्षाने. म्हणजे इथे डावं-उजवं करून काही हाती लागत नाही साहेब.

आता जर्मनीची एक गंमत, ही जरा सावकाश वाचा. वोल्फेन्स्टाइन नावाचा गेम आहे, त्यात तुम्ही नाझींना मारता, बाजूने लढत नाही, मारता. पण तिथे नाझी चिन्हं दाखवण्यावर कायद्याने निर्बंध आहेत, सिनेमाला कला म्हणून सूट होती, गेमला ती मिळत नव्हती. म्हणून २०१७ च्या भागाच्या जर्मन आवृत्तीत हिटलरची मिशी उडवली! मिशी नसलेला हिटलर पडद्यावर फिरतोय आणि त्याला "फ्यूरर"ऐवजी म्हणतायत "चॅन्सेलर". त्याच मिशीचा हिटलर सिनेमात चालायचा, गेममध्ये चालत नव्हता. नाझींचा तिरस्कार शिकवणाऱ्या गेममधून नाझीच पुसले, याने कुणाचं भलं झालं ते मला अजून कळलेलं नाही. २०१८ मध्ये तिथल्या रेटिंग संस्थेने नियम बदलला, आता प्रत्येक गेम वेगळा तपासतात, संदर्भ बघतात. माझं म्हणणं एवढंच आहे, संदर्भ बघा.

ऑस्ट्रेलियात तर मतदारच चिडले. तिथे गेमसाठी प्रौढांचं रेटिंगच नव्हतं, १५ वर्षांच्या पोराला चालणार नाही असा गेम चाळिशीच्या बाप्यालाही विकायचा नाही. ते बदलायला सगळ्या राज्यांच्या ॲटर्नी जनरलची संमती लागायची आणि साउथ ऑस्ट्रेलियाचे मायकल ॲटकिन्सन अडून बसले. तेव्हा गेमर्सनी चक्क गेमर्सफोरक्रॉयडन नावाचा पक्ष काढला आणि २०१० च्या निवडणुकीत त्यांच्याच मतदारसंघात उभे राहिले. हरले, हरणारच होते, पण निवडणुकीनंतर ॲटकिन्सननी ॲटर्नी जनरलचं पद सोडलं आणि १ जानेवारी २०१३ पासून प्रौढांचं रेटिंग लागू झालं. ही धमकी नाही हां, माहितीसाठी सांगतोय.

मला खरा राग येतो तो दुटप्पीपणाचा. प्रचाराला गेम चालतो. ओबामांनी २००८ मध्ये रेसिंग गेममधल्या होर्डिंगवर जाहिराती लावल्या, बायडनच्या प्रचाराने २०२० मध्ये ॲनिमल क्रॉसिंग नावाच्या गेममध्ये प्रचाराचं बेट उभं केलं. तेव्हा गेम म्हणजे "तरुणांशी संवाद". आणि खेळणारा काही बोलला की लगेच "अहो हे तर खेळणं, इथे राजकारण कशाला". २०१९ मध्ये हार्थस्टोन या पत्त्यांच्या ऑनलाइन गेमच्या हाँगकाँगमधल्या एका खेळाडूने मॅचनंतरच्या मुलाखतीत मास्क लावून तिथल्या लोकशाही आंदोलनाची घोषणा दिली, समालोचन करणाऱ्या दोघांनी डोकी टेबलाखाली घातली, आणि तरी गेम बनवणाऱ्या कंपनीने तिघांनाही बाहेर काढलं. खेळाडूचं बक्षीसही रोखलं, ओरड झाल्यावर परत दिलं. तेव्हा अमेरिकेतल्या दोन्ही पक्षांच्या खासदारांनी मिळून याच्या निषेधाचं पत्र कंपनीला लिहिलं होतं. म्हणजे जमतं, मनात आलं की जमतं.

माझ्याच एका गेमच्या चॅटची गोष्ट सांगतो. परवा रात्री मॅच संपल्यावर कुणीतरी एका नेत्याचं नाव लिहिलं, चॅटच्या फिल्टरने ते झाकलं, त्या जागी चांदण्या (***) आल्या. पुढच्याच ओळीत एकाने दुसऱ्याच्या आईचा उद्धार केला, मराठीत, इंग्रजी अक्षरांत, ती शिवी अक्षर न् अक्षर तशीच्या तशी दिसली. हे असं चाळणीने पाणी गाळायचं काम चाललंय.

मुलांसाठी रेटिंग कडक करा, खुशाल करा. बेल्जियमने २०१८ मध्ये लूट बॉक्सना, म्हणजे पैसे भरून उघडायच्या पण आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या पेट्यांना, जुगार ठरवलं तसं काही करायचं तर तेही करा, तिथे प्रश्न पैसे उकळण्याचा आहे. पण गेममध्ये काय म्हटलंय म्हणून बंदी घालायची असेल तर कारण लेखी द्या, जाहीर करा, अपील ठेवा, आणि ज्या अधिकाऱ्याने शिफारस केली त्याने तो गेम निदान दोन तास खेळलाय असं फाइलवर असू द्या. ट्रेलर बघून नाही, व्हॉट्सॲपवर आलेली क्लिप बघून तर अजिबात नाही.

उत्तराची वाट बघतो. "आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवले आहे" हे कृपया नको, तसली दोन माझ्याकडे आधीच आहेत.

आपला,
एक मतदार, रात्री अकरानंतर गेमर