शपथ तंबाखूची, पुडी सुपारीची

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या अंकातली शाळेतल्या कर्करोगविरोधी शपथेची बातमी वाचली. फोटो झकास. पाहुणे मांडवात खुर्च्यांवर, मुले उन्हात हात पुढे करून. सत्कार कोणाकोणाचे झाले ते नावानिशी छापले आहे. मुलांना काय सांगितले, ते मात्र बातमीत शोधूनही सापडले नाही.

अशीच शपथ माझ्या भाच्याने सातवीत घेतली होती. पाळलीही. तंबाखूला तो आजतागायत शिवलेला नाही. तो खायचा गोड सुपारी. चकचकीत पुडी, शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवरून, रोज. घरात कुणाला वावगे वाटले नाही. सुपारी काय, आपल्याकडे पूजेतही लागते. आठवीत त्याला मिसळ झोंबायला लागली. नुसता पाव खायचा. पुण्यातला मुलगा आणि तर्री नको म्हणतो, म्हणून आम्ही त्याची थट्टा केली. नववीत सारसबागेसमोर पाणीपुरी खाताना पुरी तोंडात जाईना. सगळे हसले. मीही हसले.

दातांच्या डॉक्टरांनी त्याला तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. गाल आतून ताठ, पांढुरके पडले होते. 'सबम्यूकस फायब्रोसिस' हे नाव आम्हाला त्या दिवशी कळले. हा आजार सुपारीने होतो, त्याला तंबाखू लागत नाही, आणि यातूनच पुढे कर्करोग होऊ शकतो. ताठलेले तोंड पहिल्यासारखे होत नाही. म्हणजे शपथ पाळूनही पोराच्या तोंडाचे जे व्हायचे ते झालेच.

मी शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी चहा दिला, शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ''बाई, शपथ आमच्याकडे दरवर्षी होते.'' शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, हा कायदा 2003 चा. टपरी मी स्वतः मोजली, फाटकापासून 22 पावले. तर म्हणे ती आमच्या भिंतीच्या बाहेर आहे. (आत असती तर तिला कॅन्टीन म्हणाले असते.) मग मी मुलींच्या एचपीव्ही लशीचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या लशीचा, विषय काढला. वयाच्या नवव्या वर्षापासून देता येते, चौदापर्यंत दिलेली उत्तम, आणि 2023 पासून आपल्या हडपसरचीच लस बाजारात आहे. सरांनी पंख्याकडे पाहिले. ''गर्भाशयमुख वगैरे शब्द मुलांसमोर नको, पालक तक्रार करतात.'' अहो, मी पालकांतर्फेच आले होते!

शपथेला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात वर्गातल्या प्रत्येकाची तीन बोटे तोंडात घालून बघता येतात. पांढरा किंवा लाल चट्टा कसा दिसतो, दोन आठवड्यांत न भरणारे तोंडातले फोड कोणाला दाखवायचे, हे विज्ञानाच्या तासाला सांगता येते. त्याला मांडव लागत नाही. फोटोही निघत नाही, ही अडचण मी समजू शकते.

जाता जाता. त्याच बातमीच्या खाली आपण पाव पान 'वेलची'ची जाहिरात छापली आहे. सिनेमातला एवढा मोठा नट सूट घालून, हातात डबी घेऊन उभा. डबीवरचे नाव पानमसाल्याचे, हे माझ्या भाच्यालाही एका नजरेत ओळखू आले. आमच्या मंडईत वेलची नटाशिवाय विकली जाते.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका, सहकारनगर, पुणे