इव्हँजेलियनची फ्रेम वरून-खालून का कापलीत?

नमस्कार कस्टमर केअर टीम,

निऑन जेनेसिस इव्हँजेलियन ही जपानी ॲनिमेशन सिरीज तुमच्या ॲपवर आहे हे कळलं म्हणून मी वर्षाचा प्लॅन घेतला, खरं सांगायचं तर फक्त त्याच्यासाठीच. आणि लावून बघते तर अख्खी सिरीज 16:9 मध्ये, म्हणजे आजच्या रुंद स्क्रीनच्या आकारात. अहो ही 1995-96 ची टीव्ही सिरीज आहे, 26 भागांची, तेव्हाच्या कमी रुंद टीव्हीसाठी 4:3 मध्येच काढलेली. आजची स्क्रीन भरावी म्हणून तुम्ही वरचा आणि खालचा भाग सरळ उडवून टाकलाय.

चॅटवर विचारलं तर म्हणे टीव्हीचं झूम सेटिंग बघा, कॅश क्लिअर करा. टीव्हीचा काही संबंधच नाहीये, फोनवर लॅपटॉपवर सगळीकडे तेच दिसतंय. चित्र ताणलेलं पण नाही, चेहरे नीट आहेत, गोल वस्तू गोलच दिसतात, म्हणजे तुमच्याकडची फाइलच क्रॉप केलेली आहे. 1440 बाय 1080 च्या चित्राला 16:9 मध्ये बसवायचं तर उंची 810 उरते, 270 ओळी गेल्या, म्हणजे पाव चित्र गेलं. शिवाय उरलेलं मोठं करून दाखवायचं म्हणून रेषाही पुसट होतात आणि याला तुम्ही एचडी रीमास्टर असं नाव दिलंय.

दुसरी एखादी सिरीज असती तरी मी लिहिलं असतं, पण इथे जास्त लागलं कारण दिग्दर्शक हिदेआकी आन्नोने यात फ्रेमच्या आत काय कुठे ठेवायचं यावर फार जीव लावलाय. काळ्या पडद्यावर जाड पांढऱ्या जपानी अक्षरांची टायटल कार्ड्स येतात ना, पार कडेपर्यंत जाणारी, तुमच्याकडे त्यांची टोकं छाटली गेलीत. इव्हा, म्हणजे यातलं ते राक्षसी यंत्र, शहरात उभी राहते तेव्हा ती केवढी उंच आहे हे बघायचं असतं, तुमच्याकडे तिचं शिंगच फ्रेमबाहेर. आणि 22व्या भागातला लिफ्टचा सीन, असुका आणि रेई या इव्हा चालवणाऱ्या दोन मुली नुसत्या उभ्या, कितीतरी वेळ कुणी हलत नाही कुणी बोलत नाही, तिथे बघायला असते ती फक्त फ्रेम, त्या दोघी आणि त्यांच्या आजूबाजूची जागा, आणि तीच तुम्ही कमी केलीत. सबटायटल्सही आता हनुवटीवर येतात कारण खाली जागाच उरली नाही.

हे दुरुस्त होत नाही असं कृपा करून सांगू नका. 2019 मध्ये डिस्ने प्लसने द सिम्पसन्सचे जुने भाग असेच कापून दाखवले होते, डफ बिअरच्या कारखान्यात तिन्ही प्रकारची बिअर एकाच पाइपमधून येते तो जोकच वरून कापला गेला, लोक भडकले आणि 2020 मध्ये त्यांनी मूळ 4:3 चा पर्याय दिला. तेवढंच मी मागतेय. 2007 ते 2021 मधले रीबिल्डचे, म्हणजे इव्हँजेलियनच्या नव्या आवृत्तीचे, चारही सिनेमे रुंद फ्रेममध्येच बनलेत, ते तसेच दाखवा, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तर सिरीजची मूळ 4:3 फाइल लावा, दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले तरी चालतील, ते यायलाच हवेत. ज्यांना भरलेली स्क्रीनच आवडते त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये ऑप्शन ठेवा. आणि तोपर्यंत सिरीजच्या पेजवर चित्र क्रॉप केलंय हे स्पष्ट लिहा, पैसे भरायच्या आधी माणसाला कळायला पाहिजे. तुमच्याकडे मूळ फाइलच नसेल तर तसं सांगा आणि प्लॅनचे उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करा.

त्याच सीनचे माझ्या डीव्हीडीवरचे आणि तुमच्या ॲपवरचे फोटो शेजारीशेजारी लावून सोबत जोडलेत. कॉपी-पेस्ट उत्तर नको, कंटेंट बघणाऱ्या टीमपर्यंत हे पोचवा आणि त्यांचं उत्तर मला कळवा.

तुमची एक सबस्क्रायबर