माहितीपटाचे परीक्षण अर्धवट का?

महोदय,
कथापट असला की आपले समीक्षक पटकथा, संकलन, ध्वनी सगळे तपासतात. माहितीपटाला मात्र ‘विषय महत्त्वाचा’ म्हणून साडेतीन तारे देऊन मोकळे! विषयाला कसले तारे? आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) घ्या. घाटकोपरच्या रमाबाई नगर या दलित वस्तीत १९९७ मध्ये झालेल्या पोलीस गोळीबारापासून पुढची १४ वर्षे त्यात आहेत. शाहिरांची गाणी कोणत्या दृश्याशेजारी ठेवली, यातच त्याचा युक्तिवाद दडलेला आहे. याउलट पायल कपाडियांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ या कथापटाच्या सुरुवातीला मुंबईत आलेल्यांचे आवाज माहितीपटासारखे ऐकू येतात. दोन्हींना मोजपट्टी एकच लावावी. आणि माहितीपट पाहायचा कुठे, तेही कृपया छापा. आमच्याकडच्या मल्टिप्लेक्सात तो क्वचितच लागतो.

– एक वाचक, घाटकोपर