शेतकऱ्याच्या नावावर हौशी शिकार नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या काळच्या शिकारीच्या आठवणी सांगणारा लेख नुकताच वाचला. लेखकाची भाषा रसाळ आहे आणि रानाची त्यांची ओळखही वरवरची नाही, हे प्रारंभीच मान्य करतो. मात्र लेखाच्या शेवटी त्यांनी जी सूचना केली आहे, ती वाचून हे पत्र लिहिणे मला भाग पडले. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्या उपद्रवाने शेतकरी मेटाकुटीला आला असताना हौशी शिकाऱ्यांना शुल्क घेऊन परवाने द्यावेत, म्हणजे पिके वाचतील, सरकारला महसूल मिळेल आणि शिकारीचा मर्दानी खेळही टिकून राहील, असे त्यांचे म्हणणे आहे. यातली पहिली गोष्ट गरजेची, दुसरी हिशेबाची आणि तिसरी निव्वळ हौसेची आहे. तिघींची मोट बांधली की हौस गरजेच्या आडून खपून जाते, आणि माझा आक्षेप नेमका ही मोट बांधण्याला आहे.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत वाढलो. साठ-बासष्ट वर्षांपूर्वी आमच्या काकांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती आणि भातकापणी उरकली की ते गावातल्या चार-पाच जणांना घेऊन शिकारीला जात. आम्ही मुले हाकाऱ्यांत असू. डबे बडवत, आरोळ्या ठोकत रान उठवायचे आणि जनावर बंदुकीच्या तोंडाशी काढून द्यायचे, एवढेच आमचे काम. एकदा काकांच्या बाराने एक सुळेवाला डुक्कर जखमी झाला आणि कारवीच्या झुडपांत शिरला. दिवस मावळत आला होता आणि जखमी डुकरामागे कारवीत घुसणे जिवावरचे, म्हणून सगळे परतले. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या पऱ्ह्याजवळ, म्हणजे ओढ्याजवळ, गिधाडे उतरलेली दिसली, तेव्हा तो कुठे पडला ते कळले. मधल्या दोन रात्री त्याने कशा काढल्या असतील याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही; काकांनी मात्र तो डुक्कर आपल्या हिशेबात धरला आणि पुढे कित्येक वर्षे ती गोष्ट रंगवून सांगितली. याच काकांनी पुढे एका पावसाळ्यात, नाचणीच्या शेतावर जागलीला असताना, कळपातली एक डुकरीण मारली होती. त्या रात्रीची गोष्ट त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकली नाही. बंदूक तीच होती, माणूसही तोच होता. पण एकदा मारणे हे काम होते आणि एकदा करमणूक, हा फरक त्यांनाही न सांगता कळत असावा.

लेखात असे सुचवले आहे की कायद्याने शेतकऱ्याचे हात पुरते बांधले आहेत. वस्तुस्थिती तशी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ ने शिकारीला मनाई केली असली, तरी कलम ११ नुसार माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकांसह मालमत्तेला धोकादायक झालेले जनावर, ते कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या कोणत्या यादीत (अनुसूचीत) येते हे पाहून, अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने मारता येते. आणि स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने जनावर मारले गेले, तर तो गुन्हाच ठरत नाही. मूळ कायद्यात खेळ म्हणून शिकार करण्याचे परवाने देण्याचीही सोय होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. म्हणजे कायद्याने गरज ठेवली आणि हौस वगळली. परवानगीचा कागद वेळेवर हाती पडत नाही, पंचनामा रखडतो, भरपाई बियाण्या-खतालाही पुरत नाही, या शेतकऱ्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांवर लिहावे तेवढे थोडेच आहे. पण त्यांवरचा उपाय कागद लवकर देणे, कुंपणाला आणि तारेत विजेचा सौम्य धक्का सोडणाऱ्या झटका मशीनला पुरेसे अनुदान देणे हा आहे. शहरातून बंदूक घेऊन येणाऱ्या पाहुण्याने हा प्रश्न सुटत नाही.

तो का सुटत नाही, हे लेखकासारख्या जाणत्या माणसाला सांगावे लागू नये. शेतकऱ्याला डुकरे कमी झालेली हवी असतात. हौशी शिकाऱ्याला ती टिकलेली हवी असतात, नाहीतर पुढच्या वर्षी तो कशावर बंदूक चालवणार? शेताची नासधूस करतो तो माद्यांचा आणि पिलांचा कळप, आणि हौशी माणसाची नजर असते ती भिंतीवर सुळे मिरवता येतील अशा एकांड्या नरावर. एका वेताला अनेक पिले देणाऱ्या जनावराचा एखादा नर मारल्याने संख्येत काहीच फरक पडत नाही. नुकसान होते ते काळोख्या रात्री, चिखलात, ऐन पावसाळ्यात. आणि हौस भागवायची असते ती कोरड्या हवेत, सुट्टीच्या दिवशी.

परवान्याच्या पैशातून रान वाचते, हा युक्तिवाद अधिक वजनदार आहे आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. कोल्हापूरच्या राजांचे शिकारीचे राखीव रान होते म्हणूनच दाजीपूरचे गवे १९५८ मध्ये अभयारण्य होईपर्यंत तगले, हे खरे आहे. नामिबियात सामुदायिक संवर्धन क्षेत्रांना वन्यप्राण्यांवर हक्क दिलेले आहेत आणि परदेशी शिकाऱ्यांकडून मिळणारा पैसा व मांस तिथल्या गावांच्या पदरात पडते, हेही खरे. आपल्याकडे मात्र रान सरकारचे आणि त्यातले जनावरही सरकारचे, त्यामुळे शुल्काचा रुपया नाचणीच्या शेतापर्यंत कोणत्या वाटेने येणार, हे लेखकाने सांगितलेले नाही. शिवाय हा प्रयोग आपण एकदा करून बसलो आहोत. स्वातंत्र्यानंतरची वीस-बावीस वर्षे मध्य भारतातल्या जंगलांचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले होते, परवाने रीतसर मिळत होते, परदेशी पाहुण्यांना वाघ मारून देणाऱ्या कंपन्या उघडपणे धंदा करत होत्या आणि देशाला परकीय चलन मिळते हेच त्यांचे समर्थन होते. १९७० च्या सुमारास वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ च्या गणनेत देशभरात १,८२७ वाघ मोजले गेले. जंगलतोड, विषप्रयोग आणि कातड्यांचा व्यापार यांचाही त्यात वाटा होता, सगळे पाप शिकाऱ्यांच्या माथी मारण्याचे कारण नाही. पण परवान्याच्या पैशाने वाघ वाचला नाही, एवढे तर त्या आकड्यावरून दिसतेच.

लेखकाने जिम कॉर्बेट यांचे नाव हौशी शिकाऱ्यांचा कैवारी म्हणून घेतले आहे. कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, जिच्या नावावर ४३६ बळी होते. त्या कामगिरीवर जाण्यापूर्वी त्यांनी सरकारला दोन अटी घातल्या होत्या: वाघिणीवर लावलेले इनाम रद्द करावे आणि तिच्या मागावर असलेल्या इतर शिकाऱ्यांना परत बोलवावे. इनामासाठी मारणाऱ्यांत आपली गणना होऊ नये, असे त्यांना वाटत होते. पुढे तर त्यांनी बंदुकीपेक्षा कॅमेरा जवळ केला. ते नाव हौशी परवान्यांच्या मागणीला जोडणे मला उचित वाटत नाही.

खेळ या शब्दाबद्दलही थोडे लिहायला हवे. खेळाचे नियम दोन्ही बाजूंना ठाऊक असतात आणि हरणारा घरी जातो. झिम्बाब्वेत २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी गळ्यात पट्टा घातलेल्या सेसिल नावाच्या सिंहाला एका परदेशी पाहुण्याने बाणाने जखमी केले आणि तो कित्येक तासांनी मेला; त्या तासांना कोणत्या खेळात मोजायचे? आपल्याकडेही हा खेळ कोणी खेळायचा हे जातीने आणि ऐपतीने ठरत असे. तितर-लाव्हे पकडून पोट भरणारा फासेपारधी इंग्रजी अमलात जन्मतःच गुन्हेगार ठरला, आणि त्याच्याच समाजातल्या लोकांनी धरून माणसाळवलेले चित्ते काळविटांवर सोडणारे संस्थानिक मात्र शौकीन ठरले. आपण लेखासोबत छापलेल्या छायाचित्राखाली मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभ्या असलेल्या राजेसाहेबांचे नाव आहे, पाहुण्याचे आहे, बंदुकीच्या बनावटीचेही आहे. डाव्या कडेला उघड्या अंगाने उभ्या असलेल्या हाकाऱ्यांपैकी एकाचेही नाही.

या संदर्भात आपल्याच मुंबईतली एक घटना आपणांस, संपादक म्हणून, आठवून द्यावीशी वाटते. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या राजाने रात्री मोटारीतून जाताना तीन चित्ते मारले. भारतातले शेवटचे चित्ते म्हणून आज त्यांचीच नोंद सांगितली जाते. त्या शिकारीची हकिकत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाकडे प्रसिद्धीसाठी आली, तेव्हा संपादकांनी ती छापली खरी, पण सोबत टीप जोडली की हा मजकूर केराच्या टोपलीत टाकावा असेच प्रथम वाटले होते आणि तो छापण्यामागचा हेतू गौरवाचा नसून आरोप ठेवण्याचा आहे. त्या मंडळींपैकी बरेच जण बंदुकीला अपरिचित नव्हते, म्हणून त्या टिपेचे मोल मला अधिक वाटते. त्या एका रात्रीनंतर पंचाहत्तर वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, नामिबियातून आठ चित्ते विमानाने आणून मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडावे लागले. आपल्या पुरवणीने तशी टीप जोडावी असा आग्रह मी धरत नाही. पण अर्धे पान छायाचित्राला देताना चार ओळी विरुद्ध बाजूला मिळाल्या असत्या तर बरे झाले असते.

शेवटी, मांसाहार करणाऱ्याला शिकारीवर बोलण्याचा अधिकार काय, असा प्रश्न लेखकाने आगाऊच विचारून ठेवला आहे. मी मटण खातो, मासे तर रोजचेच आहेत. खाण्यासाठी मारणे निर्दोष आहे असा माझा दावा नाही. पण खाटकाला बकरा मरताना पाहण्याची मौज वाटत नाही, आणि वाटली तर आपण त्याच्या दुकानी जाणार नाही. राहता राहिली माझी स्वतःची गोष्ट. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की मी अजूनही चढणीचे मासे पकडायला नदीवर जातो. बाजारात मासे मिळत असतात, पोटाला काही कमी नसते, आणि ते मासे अंडी घालायला वर चढत असतात हेही मला चांगले ठाऊक आहे. यंदा जावे की नाही, हे मी अजून ठरवलेले नाही. गेलोच तर हौस म्हणून गेलो असे म्हणेन. नदीत मासे फार झाले होते म्हणून गेलो, असे सांगणार नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, देवरुख