'न्यूज'चा चार दिशांशी संबंध नाही

संपादक महोदय,

नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांची आद्याक्षरे जुळवून 'न्यूज' हा शब्द झाला, ही माहिती सामान्यज्ञानाच्या सदरांतून अधूनमधून डोके वर काढते. ऐकायला झकास, पण खोटी.

'न्यूज' म्हणजे 'न्यू' या विशेषणाचे सरळ अनेकवचन : नव्या गोष्टी. फ्रेंच 'नुव्हेल'च्या धर्तीवर ते इंग्रजीत रुळले. 'ताजी खबर' हा अर्थ पंधराव्या शतकातला; इंग्लंडमध्ये छापील बातमीपत्रे निघाली ती सतराव्यात. जुन्या लिखाणात शेवटच्या 'एस'आधी आणखी एक 'ई' सर्रास सापडतो. मग ही पाचवी दिशा कुठली? शिवाय इंग्रज माणूस दिशा मोजतो त्या नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट अशा. डच भाषेतही बातमीसाठी 'न्यूज'चा सख्खा भाऊ शोभेल असा शब्द आहे. पण तिथे पूर्वेचा शब्द 'ओ'ने आणि दक्षिणेचा 'झेड'ने सुरू होतो.

मुळात आद्याक्षरांतून शब्द घडवण्याची टूम बोकाळली विसाव्या शतकात. 'रडार', 'लेसर' हे तसे खरोखर घडले. त्याआधीच्या शब्दाची अशी फोड कुणी सांगितली, की आधी त्या शब्दाचे वय विचारावे. 'जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन' म्हणून 'गोल्फ', हे तर निव्वळ थट्टेतले. हा शब्द १४५७ च्या स्कॉटलंडमधील कायद्यात आहे, आणि तिथे बंदी बायकांवर नाही, खेळावरच आहे. तिरंदाजीचा सराव बुडत होता म्हणून!

'ओके' मात्र अस्सल अपवाद. बॉस्टनच्या वृत्तपत्रांत तेव्हा मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरे छापण्याची चढाओढ होती. २३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये 'ऑल करेक्ट'चे 'ओल कोरेक्ट' करून 'ओके' छापले गेले. असले बाकीचे बहुतेक विनोद विरले. हे तगले, कारण पुढच्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्यूरन यांच्या समर्थकांनी, त्यांच्या गावावरून पडलेल्या 'ओल्ड किंडरहुक' या टोपणनावासाठी तीच दोन अक्षरे उचलली. व्हॅन ब्यूरन पडले, 'ओके' राहिले. ॲलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६० च्या दशकात जुने अंक चाळून हा माग काढला.

व्युत्पत्ती छापताना तो शब्द प्रथम कधी आढळला ते सालही शेजारी द्यावे, एवढीच विनंती.

– एक वाचक